फोनकडे बघत

"एकदा नजर टाक," म्हणून मुलीने पुढे केलेला अपघाताचा जबाब बाई वाचत होत्या. विमा कंपनीला तो इंग्रजीतून हवा होता. तिसऱ्या ओळीवर त्या थांबल्या. 'लुकिंग ॲट द फोन, द कार हिट द पोस्टमन.'

फोनकडे बघत, गाडीने पोस्टमनला धडक दिली. शाळेत असं वाक्य सापडलं की बाई ते फळ्यावर लिहून विचारत, "काय रे, गाडीला डोळे असतात का?" वर्गात हशा पिके. मग त्या लोंबकळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारून म्हणत, "हे शब्द पोरके आहेत. यांचा धनी शोधा."

आज समोर त्यांचीच मुलगी बसली होती. मनगटाला बँडेज, मान खाली. बाहेरच्या खोलीत विमा कंपनीचा माणूस वाट बघत होता. त्याचं दोनदा खाकरून झालं होतं.

"फोनचं लिहिलंसच कशाला?" बाईंचे यजमान दबक्या आवाजात मुलीला म्हणाले.

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पोलिसांना सांगितलंय, बाबा. दोघांपैकी कुणाचं तरी लक्ष फोनमध्ये होतं म्हणून."

"मग हे असंच मोघम राहू दे."

"मोघम कसं चालेल?" बाई म्हणाल्या. "तो विचारणारच, कोण बघत होतं?"

यजमानांनी कागद ओढून घेतला. ओळ वाचली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "हे शब्द इथून उचल आणि शेवटी टाक. पोस्टमनच्या मागे. तुझं व्याकरण सुधारलं आणि पोरगीही सुटली."

बाईंनी मनातल्या मनात शब्द हलवून पाहिले. फोनकडे बघणाऱ्या पोस्टमनला गाडीने धडक दिली. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. परीक्षेत त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

सकाळीच त्या इस्पितळात जाऊन आल्या होत्या. पोस्टमनच्या पायात सळई घातली होती. त्याच्या बायकोने स्वतः उठून त्यांना स्टूल दिलं, आणि विचारलं, "चूक यांचीच ठरली तर भरपाई मिळत नाही म्हणतात. खरं का हो, बाई?" बाई तशाच उठून आल्या होत्या.

"त्याच्याजवळही फोन असणारच की," यजमान म्हणाले. "हल्ली कुणाजवळ नसतो?"

बाईंनी कागद परत घेतला, मुलीसमोर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"मी एकच विचारते. कोण बघत होतं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, माझ्यावर केस होईल."

"होईल," बाई म्हणाल्या. "मी येईन तुझ्याबरोबर, प्रत्येक तारखेला. पण कोण?"

"अगं, लेक आहे ती तुझी," यजमान खिडकीशी उभे राहूनच म्हणाले.

बाईंनी मान वळवली नाही.

मुलीने पेन उचललं. 'फोनकडे बघत' एवढे शब्द तसेच ठेवले, स्वल्पविरामही ठेवला. पुढची गाडी तेवढी खोडली. खोडलेल्यावर पुन्हा पेन फिरवलं, मग पुन्हा.

दारावर टकटक झाली. "झालं का, मॅडम?"



इंग्रजीतलं 'मी' म्हणजे नुसती एक उभी रेघ. पहिलीतलं पोरही काढतं. पेनाचं टोक कागदावर टेकवून मुलगी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. शाईचा ठिपका पसरत गेला. मग तिने ती रेघ ओढली, वरून थेट खालपर्यंत.