संत्र्याची फोड

नखं खायची माझी खोड मोडावी म्हणून आई महिनाभर रोज सकाळी माझ्या बोटांना कडुनिंबाचा वाटलेला पाला चोळायची. कळमेश्वरची मंडळी मला पाहायला आली, त्या दिवशीही तिनं सवयीनं चोळला. मुलाच्या आईनं सोबत आणलेल्या पिशवीतलं एक संत्रं माझ्या हातात दिलं. “सोलून दे वं त्याले. बोटं दिसू दे.” नुकती वाढलेली नखं सालीत रुतली आणि आई अभिमानानं फुलली. मुलानं पहिली फोड तोंडात टाकली. त्याचे डोळे घट्ट मिटले. आईला सकाळचा पाला आठवला, तिनं कपाळावर हात मारला. “कडू हाये काय गा?” त्याच्या आईनं विचारलं. त्यानं अख्खं संत्रं संपवलं. “नाही वं माय, घरच्यासारखी चव हाये,” म्हणत त्यानं हळूच आपली बोटं माझ्यापुढं पसरली. नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.