जन्माआधीच घेतलेला प्रवेश

"एरोस्पेस यंदापासून बंद," प्रवेश-केंद्राच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "रॉकेटं आता यंत्रंच बनवतात, उडवतातही तीच. दुसरी शाखा सांगा."

शाल्मली चाकांच्या खुर्चीत बसली होती. तिचे पाय लहान मुलासारखे बारीक होते. अठरा वर्षांपूर्वी, ती पोटात असतानाच तिच्या बाबांनी, हेमंतरावांनी, डॉक्टरांकडून ते तसे करवून घेतले होते. अंतराळात पायांचं काय काम, हलक्या माणसाला तिथे आधी घेतात, असं तेव्हा सगळेच म्हणत.

"अहो, हिला त्याच्यासाठीच घडवलंय!" हेमंतरावांचा आवाज चढला.

"बाबा, चल घरी," शाल्मली म्हणाली.

मागच्या रांगेतलं एक जोडपं पुढे सरकलं. त्यातली बायको गरोदर होती. नवऱ्यानं विचारलं, "मॅडम, अठरा वर्षांनी कशाला स्कोप असेल?"

"सध्या सगळे समुद्रतळाची शाखा घेताहेत. बाळाच्या फुप्फुसांत थोडा बदल करावा लागतो."

शाल्मलीनं खुर्ची दाराकडे वळवली. बाबा मागून येईना, म्हणून तिनं वळून पाहिलं. तो खिडकीशी वाकला होता.

"आमच्या सूनबाईला तिसरा महिना लागलाय," तो म्हणत होता. "एक माहितीपत्रक मलाही द्या."