ओस पडलेलं स्टेशन

"आणि मंडळी, हेच ते ओस पडलेलं स्टेशन!" गाईडने भोंग्यातून पुकारा केला आणि सहलीची अख्खी गाडी फलाटावर रिकामी झाली.

फोटोग्राफर सगळ्यांत शेवटी उतरला. आजचा खास पाहुणा तोच होता, तेव्हा थोडं मागे राहणं त्याला शोभूनही दिसत होतं. सकाळपासून डोंगराच्या पायथ्याची रुळांकाठची गावं बघून झाली होती. एकात चहा मिळाला, एकात लाकडी खेळणी, एकात गंजलेलं इंजिन. पण लोक तिकीट काढत होते ते या शेवटच्या गावासाठी. रिकामा बाक, बंद खिडक्यांची रांग, वाकलेला सिग्नल आणि मागे ओट्यासारखा सपाट माथ्याचा तांबडा डोंगर. काही वर्षांपूर्वी त्याने काढलेला हा फोटो कॅलेंडरवरून घरोघरी गेला होता. खाली छापलं होतं, 'इथे आता कोणी राहत नाही.' ते वाक्य छापणाऱ्याचं होतं. बक्षीस घेताना त्यानेही ते खोडा म्हटलं नव्हतं.

"अगदी फोटोतल्यासारखंच आहे हो!" एक बाई म्हणाल्या. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तो कॅमेरा घेऊन जुन्या जागी उभा राहिला. खरंच, काडीचा फरक नव्हता. फक्त बाकावर धूळ नव्हती. दोरीवर कपडे नव्हते, पण चिमटे होते. नळाखालची फरशी ओली होती. आणि ओस गावात कुठून तरी कांदा परतल्याचा वास येत होता.

वासाच्या मागे तो फलाटाला लागून असलेल्या रेल्वे क्वार्टरांच्या मागल्या बाजूला गेला. एक दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते ढकललं.

खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती, अगदी चिडीचूप. डोक्यावर ओले कपडे लोंबत होते. एका बाईने कढईवर झाकण गच्च दाबून धरलं होतं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला होता. त्याच्या गिऱ्हाइकाचा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. कोपऱ्यात एक पोटुशी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि तिच्या पाठीवरून एक आजी हात फिरवत होती.

"आत या आणि दार लावा," न्हावी कुजबुजला. "वाट चुकलात वाटतं. पण बाहेर कोणाला बोलू नका, पाया पडतो."

"तुम्ही इथे लपलाय?"

"लपतोय कशाला? राहतोय," फेसवाला म्हणाला. "गाडी आज लवकर टपकली, म्हणून माझं तोंड अर्धं राहिलं."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं.

मग न्हाव्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. इथला थांबा बंद व्हायलाच आला होता. तेवढ्यात कोणाचा तरी फोटो गाजला, सहल सुरू झाली आणि थांबा वाचला. दवाखाना, औषधं, बाजार, सगळं या एका गाडीवर. पण मागच्या वर्षी एका प्रवाशाला वाळत घातलेला सदरा दिसला. ओस गाव म्हणून फसवलं, अशी त्याने तक्रार केली. पुन्हा माणूस दिसला तर गाडी थांबणार नाही, असं सहल कंपनीने बजावलं. तेव्हापासून गाडी आली की गाव आत. ज्याला जायचं असेल त्याने फलाट नाही त्या बाजूने शेवटच्या डब्यात चढायचं. गार्ड तेवढा कानाडोळा करतो.

"आणि तुम्ही हे चालवून घेता?" फोटोग्राफरचा आवाज त्यालाच परका वाटला.

"दगडाखाली हात अडकलाय, साहेब. हिसडा मारून कसं चालेल?"

पोटुशी बाई उठली. तिचे दिवस भरत आले होते. आजी तिला घेऊन मागच्या दाराने निघाली. फोटोग्राफरने तिची पिशवी उचलली. गाडीला वळसा घालून ते खडीवर आले. फलाट नसल्यामुळे डब्याची पायरी तिच्या कमरेच्याही वर होती. आजीने खालून धरलं, त्याने हात दिला, तेव्हा कुठे ती गुडघ्यांवर रांगत आत गेली. डब्याच्या पलीकडे हशा चालला होता. "मंडळी, फोटो घ्या, फोटो घ्या!" भोंगा ओरडत होता.

एक हाक मारून सगळ्यांना इकडे बोलवावं, असं त्याला वाटलं. पण खरं सांगितलं की थांबा बंद. मग ही बाळाला घेऊन परत कशी येणार? खरं बोलायची सोयसुद्धा त्याने ठेवली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोटोग्राफर साहेब!" भोंगा पुन्हा वाजला. "कुठे आहात? ज्यांच्या फोटोमुळे हे गाव जगाला कळलं, त्यांनी आता दोन शब्द बोलावेत!"

आजीने त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगंबाई, तुम्हीच होय ते!"

त्याची मान खाली गेली. "आजी, मी फक्त फोटो काढला," तो कसाबसा म्हणाला. "लपून बसा, असं मी कोणाला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं की," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी त्या बाकावर शेंगा सोलत बसले होते. 'आजी, दोनच मिनिटं सगळ्यांना घेऊन आत जाता का?' म्हणालात. आम्ही गेलो. मग तुमची गाडी आली, तुम्ही घाईत चढलात, आणि 'या आता बाहेर' म्हणायचं तेवढं राहूनच गेलं."