जुने फोटो उजळवायची युक्ती

"आजची पहिली युक्ती पाठवली आहे जवाहरनगरच्या उर्वशी लांजेवार यांनी!" टीव्हीवरची ताई हसून म्हणाली.

उर्वशी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत उभीच होती. तिनं आवाज वाढवला. ताईनं एक पिवळा पडलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. वाटीत लिंबाचा रस, मीठ आणि टूथपेस्ट कालवली. बोटानं थोडंसं फोटोच्या कडेला लावलं. मग तो फोटो टेबलाखाली गेला आणि वर दुसराच आला, चकचकीत. "बघा, किती उजळला!" समोर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

युक्ती खोटी होती. उर्वशीनं ती ओट्यापाशी उभ्या उभ्या बनवली होती. स्वतःच्या खात्रीसाठी एका नको असलेल्या फोटोवर करूनही पाहिली होती. दोन मिनिटांत माणसं पुसली गेली आणि हातात पांढरा कागद उरला. तो कागद तिनं कपाटात जपून ठेवला होता.

सहा महिन्यांपूर्वी याच ताईनं सांगितलं होतं की, कोणत्याही कपड्यावरचा हळदीचा डाग ब्लीच आणि खायच्या सोड्यानं जातो. उर्वशीच्या कोशाच्या रेशमी साडीवर हळद सांडली होती. साडी सासूनं, उषाबाईंनी, लग्नात आपल्या पेटीतली काढून दिली होती. उर्वशीनं पदर भिजवला. बाहेर काढला तेव्हा डाग नव्हता, आणि डागाच्या जागी कापडही नव्हतं. ताटाएवढं भोक पडलं होतं. उषाबाईंनी साडीची घडी घातली आणि आपल्या पेटीत परत ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी सुनेला स्वतःची एकही वस्तू हाताळू दिली नाही.

उर्वशीनं भोकाचा फोटो कार्यक्रमाच्या नंबरवर पाठवला. माफी मागतील असं तिला वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात ताईनं तो फोटो पडद्यावर दाखवला. "जवाहरनगरच्या या ताईंनी चक्क कोशावर ब्लीच ओतलं! अहो ताई, युक्तीसोबत थोडं डोकंही वापरायचं असतं." बायका पोट धरून हसल्या. कॉलनीत ती साडी सगळ्यांनी ओळखली. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या बसमध्ये कमलेशला, तिच्या नवऱ्याला, सगळ्यांनी विचारलं, "का रे, देवानं वहिनीले डोकं देल्लं का नाही?"

त्याच दिवशी तिनं ठरवलं होतं, खोटी युक्ती पाठवून या बाईला तोंडघशी पाडायचं. आज तिचं नाव त्याच ताईच्या तोंडून आलं आणि त्या बाईला काही आठवलंसुद्धा नाही.

"आता सांगून टाक त्यायले," कमलेश म्हणाला. त्याला सुटी होती. "तपासत नाहीत, हे दिसलंच ना. आता खोटं होतं म्हणून सांगून दे."

"आताच नाही. चार दिवस थांबा. लोकायचे फोन जाऊ द्या तिच्याकडे. शिव्या खाऊ द्या तिले. मंग मी तो कोरा कागद घेऊन व्हिडिओ काढतो अन् साऱ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकतो."

"अन् तवरीक कोनी खरंच करून पाहिलं त?"

"करू द्या," उर्वशी म्हणाली. "माह्या वेळेस मले कोनं थांबवलं होतं?"

उर्वशीनं चहा ठेवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला चहाची चव लागली. त्या बाईचा चेहरा कसा पडेल, ती कॅमेऱ्यासमोर हात कशी जोडेल, हे ती घोटाघोटाला पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिहोऱ्याहून आईचा फोन आला. गीताबाई तिथं एकट्याच राहत. साडीचं प्रकरण उर्वशीनं त्यांना कळूच दिलं नव्हतं.

"काल तुयं नाव टीव्हीवर आलं वो, बाई!" आई म्हणाली. "शेजारची चिंधूची बायको पयतच आली सांगाले. मंग आम्ही दोघींनबी पायलं. मले एवढं बरं वाटलं!"

"हो, आई," उर्वशी म्हणाली. तिला हसू येत होतं.

मग आईचा आवाज बारीक झाला. "उर्वशी, मिठाचं माप किती घेतलं होतं तू?"

"कायचं मीठ?"

"तुह्या बाबाचा फोटो. तुमसरले काढला होता तो, आमच्या लग्नाच्या साली. पार पिवळा पडला होता ना. मी तुयासारखंच केलं. लिंबू, मीठ, टूथपेस्ट. हळूच घासलं, बाई, कापसानं घासलं. त चेहराच निंगून आला. कापसालेच लागला. माह्यानंच काही चुकलं असंन. मीठ जास्त झालं काय?"

वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांचा चेहरा नीट दिसेल असा दुसरा फोटो घरात नव्हता. खोटं होतं ते, आई, असं उर्वशीला म्हणायचं होतं. तोंडून आलं ते भलतंच. ती आईवरच ओरडली.

"टीव्हीवरचं काहून करतं तू? त्यायचं कोनी ऐकते का?"

"मी कायले ऐकू त्यायचं?" गीताबाई म्हणाल्या. "आजवर एक युक्ती केली नाही मी त्यायची. हे त तू सांगतलं होतं म्हणून केलं."