नुरीचं खूळ

शेवटचं अंडं तडकलं तेव्हा हिम्मतराव टोपलीपाशी उकिडवे बसून होते. कचेरीची वेळ कधीच टळली होती. पिल्लू बाहेर आलं, वाळलं आणि धुरकट राखाडी निघालं. हिम्मतरावांनी कपाळावर हात मारला. सात पिल्लांतली चार अशीच निघाली होती. उरलेली तीन फिकट पिवळी होती. सगळी आशा आता त्या तिघांवर होती.

हिम्मतरावांना नुरीचं खूळ होतं. असील ही लढाऊ कोंबड्यांची जात, आणि त्यात चोचीपासून शेपटीपर्यंत पांढराशुभ्र निघतो तो नुरी. असा एक कोंबडा त्यांच्याकडे होता. पोलीस ॲक्शननंतर एक जहागीरदार हैदराबाद सोडून गेला, तेव्हा त्याच्या मुनशीनं तो त्यांच्या हातात दिला. पांढरी मादी मात्र मिळाली नाही, आणि हे बीज वाढवायचं कसं ते सांगायलाही कुणी उरलं नाही. तांबड्या माद्या लावायच्या, मग त्यांच्या लेकी पुन्हा कोंबड्याकडेच द्यायच्या, म्हणजे रंग परत येतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. बाकीची विद्या त्यांनी स्वतःच्या डोक्यानं उभी केली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तसा पिल्लाचा रंग पहिल्या दिवशी दिसतो, असं ते छातीठोकपणे सांगत. राखाडी पिल्लू म्हणजे डाग. ते त्याच दिवशी काढून टाकायचं. दर साली फिकट पिल्लं लाडानं वाढत आणि दिवाळीपर्यंत तांबडी होत. हिम्मतराव कोंबड्यांना शिव्या देत. शौकीन माणूस स्वतःला कधी शिव्या देत नाही.

यंदाची गोष्ट मात्र निराळी होती. हैदराबाद राज्य मोडणार, मराठी जिल्हे मुंबईकडे जाणार, हे ठरलं होतं. विद्यानगरातल्या घरोघरी तीच चर्चा होती. कचेरीत कागद फिरला होता: तिकडं जाणार की इथंच राहणार, ते दोन आठवड्यांत लिहून द्या. त्यांच्या बायकोचे, तारामतीबाईंचे, भाऊ नांदेडला. बाईंचा जीव तिकडं ओढत होता. हिम्मतरावांचा जीव परसात अडकला होता. कोंबडा म्हातारा झाला होता, ही त्याची शेवटची पिल्लं होती.

"यंदा एक जरी पांढरं निघालं तर मी हैदराबाद सोडत नाही," ते बायकोला म्हणाले होते.

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू म्हणशील तिथं येतो. मग इथं राहून करू काय?"

राखाडी पिल्लं रिवाजाप्रमाणे दूधवाल्या यादम्माच्या पाटीत गेली. ती अंबरपेटहून यायची. तिची खुडूक कोंबडी कुणाचंही पिल्लू पोटाखाली घेई. हिम्मतराव पिल्लं तिला दारातच देत. परसात बाहेरच्या कुणाला पाऊल टाकू देत नसत. कोंबडा कायम फडक्याआड असे. असीलाला नजर लागते, हे त्या शौकातलं पहिलं शास्त्र, आणि मुनशीनं जाताना तेवढं बजावून सांगितलं होतं.

पुढचे दहा दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. हिम्मतराव कचेरीतून दुपारीच पळून येत, पिल्लं तळहातावर घेत, पंख उघडून उन्हात धरत. जेवताना मधूनच उठत. कुणी दारात आलं तरी त्यांचा कान परसाकडे असे. तारामतीबाईंनी एकदा ट्रंक उघडली आणि काही न भरता पुन्हा लावून टाकली. दहाव्या दिवशी पिवळ्या पिल्लांच्या पंखांत पिसं फुटली. तिघांचीही तांबूस होती.

हिम्मतरावांनी पिल्लं टोपलीत ठेवली. मग हात धुऊन ते कचेरीत गेले आणि नांदेड लिहून दिलं. सही करताना त्यांना रडू आलं. बाजूच्या कारकुनाला वाटलं, हैदराबाद सुटतंय म्हणून असेल. तसं ते खरंही होतं.

पावसाळा सरला आणि ऑक्टोबर संपत आला. काचीगुड्याहून दुसऱ्या दिवशीची गाडी होती. म्हाताऱ्या कोंबड्याला धड उभं राहता येत नव्हतं, तो प्रवास कसला काढतो? कापणाऱ्याच्या हाती द्यायला हिम्मतरावांचं मन होईना. यादम्मा मायाळू बाई, दोन दाणे टाकेल, म्हणून ते कोंबडा फडक्यात गुंडाळून अंबरपेटला निघाले. इतक्या वर्षांत तिच्या घरी ते पहिल्यांदाच जात होते.

उकिरड्यावर चार असील चरत होते. आखूड तुरा, पिवळे पाय, उंच मान. चारही पांढरेशुभ्र, एका पिसालाही डाग नाही.

 हे कुणाचे, असं हिम्मतरावांनी विचारलं.

"आपकेच है साब," यादम्मा म्हणाली. "हर साल ऐसेच होते. पंख आए की सफेद."

आधीच्या वर्षांच्या पिल्लांचं काय केलंस, हे त्यांना विचारायचं होतं. तेवढ्यात हातातलं फडकं सरकलं आणि आतल्या कोंबड्याची पांढरी मान बाहेर आली. ती पाहून यादम्मा हसली, आणि कोंबडा घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

"ये भी मेरेकू? मालूम है साब, आपको सफेद नक्को."