बोकडाचं औषध

लग्नाला सहा वर्षं झाली तरी दीपेशकडे पाळणा हलेना. धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट वाचून सांगितलं, "तुमच्या अंगात सेलेनियम कमी आहे. त्याच्यापासून बनणारं प्रथिन शुक्राणूची शेपटी धरून ठेवतं. शेपटीच मोडली तर तो पोहणार कसा?" आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

दिघाशीत कळलं असतं तर अख्खं गाव वर्षभर हसलं असतं. म्हणून दीपेशनं बाटलीवरचा कागद सोलला, चुलतभाऊ भाविकबरोबरच्या सामाईक गोठ्यात ती ठेवली आणि आईला, धोंडूबाईला सांगितलं, "बोकडाचं औषध हाय." रोज सकाळी तो गुपचूप एक गोळी गिळायचा. पण तीस गोळ्यांची बाटली दहाव्या दिवशी रिकामी! नवी आणली, तिचीही तीच गत.

तिसऱ्या महिन्यात भाविकच्या बायकोला दिवस गेले. दीपेश जळून कोळसा झाला. पेढे घेऊन आलेल्या भाविकची त्यानं कॉलरच धरली.

"चोरा, माझ्या गोळ्या खाऊन बाप होतोस?"

"कसल्या गोळ्या रं दादा?"

धोंडूबाई मध्ये पडली. "त्याला कशाला धरतोस? बोकडाचं औषध हाय, तूच बोल्लास ना? मी रोज दोन घालते त्याला. गावात अकरा शेल्या गाभन हायत!"



भाविकशी दीपेश आता नीट बोलतो. बोकडाशी मात्र बोलणं बंद आहे.