चौथ्या तुकड्याचं पाणी

चौथ्या तुकड्यातली माती ओली होती. उर्वीने ओल मोजायची सळई बाहेर काढली, आकडा वहीत उतरवला आणि पुढच्या रोपाकडे गेली.

टँकरला टेकून उभा असलेला ड्रायव्हर जालिंदर आकाशाकडे बघू लागला. आकाशात काहीही नव्हतं.

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे, शेतं संपली की हा रौदा लागतो. हिवाळ्यातल्या दोन-चार पावसांचं पाणी साचतं तेवढीच ही मऊ मातीची सखल जागा. बाकी चहूकडे खडक. गाड्या आणि उंट शिरू नयेत म्हणून नगरपालिकेने तिला कुंपण घातलं होतं आणि आत सिद्रची रोपं लावली होती. सिद्र म्हणजे आपली बोरच, असं जालिंदरचं मत होतं.

उर्वीच्या प्रयोगासाठी या जागेचे चार तुकडे पाडले होते. पहिल्याला भरपूर पाणी, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला पाव. चौथ्याला थेंबही नाही. तिथे ‘पाणी देऊ नये’ अशी पाटी होती, अरबीत आणि इंग्रजीत. खाली उर्वीने मार्करने मराठीतही लिहिलं होतं. या रौद्यावर तिच्याखेरीज मराठी वाचणारा माणूस एकच होता.

“जालिंदरभाऊ,” उर्वी वळून म्हणाली, “इथे कुणीतरी पाणी घालतंय.”

“दव पडत असंल, मॅडम.”

“आठवड्याला सत्तर लिटर दव?”

जालिंदर गोंधळला. तो दर गुरुवारी वीस लिटरचे दोन कॅन घालत होता. म्हणजे चाळीस. मॅडमचं यंत्र चुकतंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

“मशीन बिघडलं असंल,” तो म्हणाला.

“तीनदा तपासलं मी.”

“मग उंट आला असंल.”

“उंट पाणी पितो, भाऊ. रोपांना घालत नाही.”

फाटकाशी बसलेला गार्ड इलियास मोठ्याने हसला आणि एकाएकी गप्प झाला.

उर्वीने घड्याळ पाहिलं. “दहा वाजता नगरपालिकेच्या हुस्ना मॅडम येतायत. आज निर्णय आहे.”

“कसला?”

“चौथा तुकडा वाळला असता, तर रोपांना सुरुवातीची दोन वर्षं पाणी लागतंच हे सिद्ध झालं असतं. मग उत्तरेकडच्या अकरा रौद्यांना टँकर मंजूर. पण हा तर हिरवागार आहे. म्हणजे पाण्याची गरजच नाही. टँकर बंद.”

“बंद म्हंजी?”

“बंद म्हणजे खलास. तुमचाही. झाडांनी आपलं आपण बघायचं.”

जालिंदरने त्या तीस रोपांकडे पाहिलं. पानं कशी तुकतुकीत होती! आठ महिने, दर आठवड्याला दोन कॅन, तो स्वतःची नोकरी आणि अकरा रौद्यांची झाडं बुडवत आला होता.

“आधी सांगायचं न्हाई का, मॅडम!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. उर्वीने पेनाचं टोपण काढलं.

“किती?”

“चाळीस.” जालिंदरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “पाटी वाचली होती. न्हाई असं न्हाई. पण मॅडम, रोप लावायचं अन् पाणी द्यायचं न्हाई, हे जेवायला बोलवून ताट न वाढल्यासारखं झालं की. मला काय ते बघवंना. तेवढं चाळीस माझं. वरचं तीस माझं न्हाई, आईशपथ.”

उर्वी फाटकाकडे बघायला लागली. जालिंदरही बघायला लागला. इलियास हैदराबादचा होता. तो उठून उभा राहिला.

“मैं पानी कहाँ डालतूँ, मॅडम? मैं तो नमाज़ से पहले वुज़ू करतूँ, हाथ-मुँह-पाँव धोतूँ. इधरीच बैठ के, कभी इस पौधे के पास, कभी उस के पास. अच्छा पानी है, कायकू ज़ाया करना?”

“हफ्ते का कितना?”

“बीस होता होंगा.”

“आणि मला पाटी दाखवत होतास रे!” जालिंदर म्हणाला. इलियासला मराठी धड येत नव्हती, पण अर्थ कळला. तो पुन्हा हसला.

हुस्ना दहाला पाच कमी असतानाच आली. नगरपालिकेच्या या विभागात तिच्या सहीशिवाय रोपटंही हलत नसे. उर्वीने तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. जालिंदरला शब्द कळत नव्हते, आकडे कळत होते. फोर्टी आलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

“म्हणजे चौथा तुकडा कोरडा कधी नव्हताच,” हुस्ना म्हणाली.

“नाही. यावरून काहीच निष्कर्ष काढता येणार नाही.”

“मग निर्णयही नाही. पुन्हा एक वर्ष प्रयोग करा. टँकर चालू राहील.”

“आणि ड्रायव्हर?” उर्वीने विचारलं.

हुस्नाने जालिंदरला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यालाही कळावं म्हणून ती मोडक्या हिंदीत बोलली. वाटेतच पाणी ओतून देऊन टँकर रिकामा करणारे ड्रायव्हर तिला पुष्कळ भेटले होते. चोरून झाडांना घालणारा हा पहिलाच. तो राहील. पुढच्या वर्षी पाटी पाळेल, इन्शाल्ला.

“इन्शाल्ला! शुक्रन, मॅडम!” जालिंदर इतक्या घाईने म्हणाला की हुस्नालाही हसू आवरलं नाही.

जाता जाता तिने उर्वीच्या वहीत डोकावलं आणि बोट ठेवलं.

“चाळीस आणि वीस, साठ होतात. तू सत्तर लिहिलं आहेस. दहा कुणाचे?”

जालिंदरने इलियासकडे पाहिलं. इलियासने जालिंदरकडे. दोघांनीही माना हलवल्या.

उर्वीने पेनाचं टोपण नीट बसवलं.

“माझे,” ती म्हणाली. “म्हणून तर सहा आठवडे शोधत होते, वरचं साठ कोण घालतंय ते.”